वाचकांचे प्रश्न : 'स्टेप अप' आणि रस्त्यावरचा नाच

मागील अंकात नृत्यपटांवरील टिपणात आम्ही 'स्टेप अप' या अमेरिकी चित्रपटमालिकेचा ओझरता उल्लेख केला होता आणि "या मालिकेतील कथा विसरण्याजोगी, पण नाच विसरू न देणारा" असा शेराही मारला होता. त्या शेऱ्यावर पुष्कळ पत्रे आली. काहींनी तो उचलून धरला, तर काहींनी आमची चांगलीच हजेरी घेतली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : या मालिकेत एकूण किती चित्रपट आहेत, आणि ते क्रमाने पाहिले नाहीत तर काही अडते का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : मूळ अमेरिकी मालिका पाच चित्रपटांची आहे. 'स्टेप अप' २००६ साली आला, त्यानंतर २००८ मध्ये 'स्टेप अप २ : द स्ट्रीट्स', २०१० मध्ये 'स्टेप अप ३डी', २०१२ मध्ये 'स्टेप अप रेव्होल्यूशन' आणि २०१४ मध्ये 'स्टेप अप ऑल इन' असा क्रम आहे. पहिले दोन बाल्टिमोर शहरात घडतात, तिसरा न्यूयॉर्कमध्ये, चौथा मायामीत आणि पाचवा लास वेगासमध्ये. पुढे २०१८ पासून 'हाय वॉटर' या उपशीर्षकाची वेबमालिका निघाली, जिची कथा अटलांटा शहरात घडते, आणि २०१९ मध्ये चीनमध्ये एक स्वतंत्र चित्रपटही तयार झाला. या दोन्हींचा मूळ पाच चित्रपटांच्या कथेशी संबंध नसल्यामुळे ते बाजूला ठेवले तरी चालते.

क्रमाने पाहिले नाहीत म्हणून काही अडत नाही. दुसऱ्या भागात आलेला मूस हा कुरळ्या केसांचा, दिसायला किरकोळ पण पायांत वीज असलेला मुलगा पुढच्या भागांतून पुन्हा पुन्हा भेटतो, आणि मालिकेला काही धागा असेल तर तो एवढाच. ॲडम सेवानी या नर्तक-अभिनेत्याने ही भूमिका केली आहे. नायक-नायिकांच्या जोड्या बदलत गेल्या, पण प्रेक्षकांनी जीव लावला तो या दुय्यम पात्रालाच. पाचवा भाग मात्र शेवटी पाहावा, कारण त्यात आधीच्या तीन भागांतील नर्तक एकत्र येतात आणि त्यांची ओळख नसेल तर त्या भेटीगाठींची गंमत कळत नाही.

प्रश्न : पाचही भागांची गोष्ट एकच आहे. गरीब मुलगा, श्रीमंत मुलगी, एक गट, एक दुष्ट गट आणि शेवटी स्पर्धा. तरीही हे चित्रपट चालले कसे, आणि समीक्षकांनी एवढे झोडपूनही निर्माते पुढचा भाग काढतच राहिले ते कशाच्या जोरावर? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : आपले वर्णन पाचही भागांना तंतोतंत लागू पडत नसले तरी फारसे चुकतही नाही. पहिल्या भागात टायलर हा अनाथाश्रयी घरात वाढलेला मुलगा कलाशाळेच्या नाट्यगृहाची नासधूस करतो, शिक्षा म्हणून त्याच शाळेत साफसफाईला येतो आणि नोरा या बॅले शिकणाऱ्या मुलीचा सहनर्तक होतो. दुसऱ्या भागात हीच मांडणी उलटी केली आहे. तेथे वस्तीतली अँडी कलाशाळेत प्रवेश मिळवते आणि शाळेतला चेस तिच्याबरोबर रस्त्यावर उतरतो. तिसऱ्या भागात नायिका प्रतिस्पर्धी गटप्रमुखाची बहीण निघते, आणि ही कलाटणी चाणाक्ष प्रेक्षकाला बरीच आधी कळते.

तरीही कथा पातळ आहे हा या चित्रपटांवरील निर्णायक आक्षेप आहे असे मला वाटत नाही. संगीत नाटकाला जाणारा आपला जुना प्रेक्षक कथानकातील कलाटणीसाठी जात नव्हता. पद कोठे येणार हे त्याला ठाऊक असे आणि ते आले की तो 'वन्स मोअर' देई. नृत्यपटातही कथेचे काम एका नाचापासून दुसऱ्या नाचापर्यंत प्रेक्षकाला सुखरूप पोहोचवणे एवढेच असते. ते काम किती कमी वेळात आणि किती कमी रडारड करून होते, एवढेच पाहावे. या कसोटीवर पहिला भाग मला सर्वांत जड वाटतो, कारण तो स्वतःच्या कथेला फार गंभीरपणे घेतो.

आता पैशांविषयी. पहिला चित्रपट सुमारे १ कोटी २० लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने जगभरात ११ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. पुढची आकडेवारी अधिक बोलकी आहे. तिसऱ्या भागाने जगभरात जवळपास १६ कोटी डॉलर मिळवले, पण त्यातील अमेरिकेचा वाटा सव्वाचार कोटींच्या आसपासच होता. पाचव्या भागाची एकूण कमाई साडेआठ कोटींच्या घरात होती, तर अमेरिकेतील कमाई दीड कोटीच्या आतबाहेर. अमेरिकी प्रेक्षक या मालिकेकडे पाठ फिरवत होता आणि बाकीचे जग तिला पोसत होते, असा याचा सरळ अर्थ आहे. संवाद कळले नाहीत तरी नाच कळतो, आणि म्हणूनच संवादांवर मेहनत घेण्याची निकड निर्मात्यांना कधी भासली नसावी. समीक्षक इंग्रजी संवादांना नावे ठेवत राहिले आणि तिकिटे दुसरीकडेच खपत राहिली.

प्रश्न : मी भरतनाट्यम शिकवते. माझ्या विद्यार्थिनी हे चित्रपट पाहून म्हणतात, की हा मोकळा नाच आहे, त्यात मनाला येईल तसे करायचे असते. 'स्ट्रीट डान्स' या नावाखाली जे दाखवतात, त्याला काही व्याकरण आहे का? (एक नृत्यशिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : व्याकरण आहे आणि ते चांगलेच कडक आहे. 'स्ट्रीट डान्स' हे एका नृत्याचे नाव नसून वेगवेगळ्या शहरांत आणि वेगवेगळ्या संगीतावर वाढलेल्या अनेक शैलींची ती मोळी आहे. चित्रपट या शैली एकाच गाण्यात कालवून टाकतात, त्यामुळे पाहणाऱ्याला सगळे एकच वाटते.

यांपैकी ब्रेकिंग ही शैली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरील एका निवासी इमारतीत डीजे कूल हर्क याने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या, आणि ही तारीख हिप हॉप या संगीत-नृत्य परंपरेची जन्मतारीख मानली जाते. गाण्यातला गायन थांबून केवळ तालवाद्ये उरतात तो तुकडा नाचणाऱ्यांना सर्वांत प्रिय असतो, हे त्याने हेरले होते आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून वाजवत तो तुकडा लांबवण्याची युक्ती काढली होती. त्या तुकड्याला 'ब्रेक' म्हणतात, आणि त्यावर नाचणारी ती ब्रेकर मंडळी. त्यांच्या नाचाची रचना ठरलेली असते : उभ्याने केलेले पदन्यास, मग जमिनीवर हात टेकून पायांचे काम, त्यानंतर पाठीवर किंवा डोक्यावर गरगर फिरण्याच्या ताकदीच्या हालचाली आणि शेवटी ताल पकडून एका अवघड अवस्थेत गोठणे. या क्रमात उलथापालथ होते, पण यांतील एकही अंग कच्चे असेल तर जाणकार नाक मुरडतात.

लॉकिंग आणि पॉपिंग या कॅलिफोर्नियातल्या शैली, आणि त्यांचा मूळचा संबंध हिप हॉपशी नसून फंक संगीताशी आहे. डॉन कॅम्पबेल याने सत्तरच्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये लॉकिंगला रूप दिले. त्यात वेगात चाललेली हालचाल कुलूप लागल्यागत अचानक थांबते आणि पुन्हा सुरू होते, आणि तिचा एकूण स्वभाव मिश्कील असतो. फ्रेझ्नो शहरातल्या बूगालू सॅम आणि त्याच्या गटाने पॉपिंग घडवले. यात नर्तक दंड, मान, छाती, पोटरी यांचे स्नायू तालाच्या ठोक्यावर क्षणभर आवळून सोडतो, त्यामुळे शरीराला आतून हिसका बसल्याचा भास होतो. आपण स्वतः विद्यार्थिनींसमोर केवळ दंडाचा स्नायू मध्यलयीत, खांदा न हलवता, सलग दोन मिनिटे आवळून सोडून दाखवावा. मनाला येईल तसे करायचे असते हा गैरसमज तेवढ्याने दूर होईल. क्रम्पिंग ही यांतली सर्वांत तरुण शैली, साधारण २००० च्या आसपास दक्षिण लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत आकाराला आली. छातीचे झटके, पाय आपटणे आणि हात भिरकावणे यांतून ती रागाला वाट देते.

मात्र आपल्या विद्यार्थिनींचे म्हणणे एका बाजूने खरेही आहे. खऱ्या मुकाबल्यात नर्तक रिंगणात उतरतो तेव्हा पुढे कोणते गाणे लागणार हे त्याला ठाऊक नसते, ते डीजे ठरवतो. तेव्हा जे होते ते उत्स्फूर्त, पण पक्क्या तालमीवर उभे असलेले असते. 'स्टेप अप' मालिकेवर माझा सर्वांत मोठा आक्षेप नेमका येथे आहे. या चित्रपटांत मुकाबला म्हणजे दोन गटांनी आळीपाळीने सादर केलेले, आधीपासून बसवलेले समूहनृत्य. प्रतिस्पर्ध्याने टाकलेली हालचाल उचलून, तिला वळण देऊन त्याच्याच अंगावर परत फेकणे, ही या नाचातली खरी मजा. ती पाच चित्रपटांत मिळून फारच थोड्या वेळा दिसते.

प्रश्न : ब्रेकिंगचा समावेश ऑलिम्पिकमध्ये झाला होता ना? मग पुढे काय झाले? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : झाला होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ९ आणि १० ऑगस्ट या दोन दिवशी प्लास द ला काँकॉर्द या चौकात स्पर्धा झाली. महिलांत जपानच्या आमी हिने, तर पुरुषांत कॅनडाच्या फिल विझार्ड याने सुवर्णपदक जिंकले. तंत्र, हालचालींचा साठा, सफाई, संगीताची जाण आणि स्वतंत्र शैली अशा पाच निकषांवर परीक्षक दोन नर्तकांची तुलना करत होते. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र ब्रेकिंग नाही, आणि हा निर्णय पॅरिसच्या आधीच झालेला असल्यामुळे तेथील एखाद्या फसलेल्या सादरीकरणाला त्याचा दोष देण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी मोबाइलवर मित्रांच्या नाचाच्या चित्रफिती करतो. प्रत्यक्षात अंगावर काटा आणणारा नाच चित्रीकरणात मुळमुळीत दिसतो, आणि या चित्रपटांत मात्र साधी हालचालही जोरदार वाटते. यामागचे रहस्य काय? (एक हौशी चित्रफीतकार, पुणे)

उत्तर : या अंकासाठी आलेल्या पत्रांत मला सर्वाधिक आवडलेला प्रश्न हा आहे, कारण नृत्यपटाचे बरेवाईट ठरते ते येथेच.

कॅमेऱ्याने नाच दाखवण्याच्या दोन परस्परविरोधी पद्धती आहेत. १९३० च्या दशकात फ्रेड अस्टेअर या हॉलिवूडच्या थोर नर्तकाने आग्रह धरला, की नाचताना त्याचे शरीर डोक्यापासून पायांपर्यंत चौकटीत दिसले पाहिजे आणि तुकडे शक्य तितके कमी जोडले पाहिजेत. यात नर्तकाची परीक्षा असते, कारण चूक झाकायला जागा उरत नाही. दुसरी पद्धत १९८० च्या दशकात संगीतवाहिन्यांच्या प्रभावाखाली रुळली : पायाचा तुकडा, कमरेचा तुकडा, घामेजलेल्या चेहऱ्याचा तुकडा, आणि प्रत्येक ठोक्यावर एक काप. १९८३ चा 'फ्लॅशडान्स' हे याचे टोकाचे उदाहरण. त्यातील शेवटचे परीक्षकांसमोरचे नृत्य नायिका जेनिफर बील्स हिचे वाटते, पण त्यात तिच्याऐवजी मुख्यतः मरिन जहान ही नर्तकी आहे, झेप एका जिम्नॅस्टची आहे आणि पाठीवरची गिरकी ब्राँक्समधल्या क्रेझी लेग्ज या ब्रेकरने विग घालून मारली आहे. संकलकाच्या टेबलावर तीनचार शरीरांतून एक नर्तकी घडवली गेली.

'स्टेप अप' मालिका या दोन पद्धतींच्या मध्ये हेलकावे खाते. पहिल्या भागाची दिग्दर्शिका ॲन फ्लेचर स्वतः नर्तकी आणि नृत्यदिग्दर्शिका. नायक चॅनिंग टेटम याला नृत्याचे औपचारिक शिक्षण नव्हते, पण अंगात उपजत लय होती, आणि नायिका जेना ड्यूअन ही व्यावसायिक नर्तकी. त्यामुळे कापाकापीने झाकावे असे तेथे फार काही नव्हते आणि कॅमेरा बऱ्यापैकी शांत राहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचा दिग्दर्शक जॉन एम. चू, ज्याने पुढे 'क्रेझी रिच एशियन्स' आणि 'विकेड' केले, याच्या हातात मालिका आल्यावर तिची दृश्यभाषा खऱ्या अर्थाने बदलली.

दुसऱ्या भागाच्या शेवटचे पावसातले नृत्य पाहा. रात्रीची वेळ, उघडे वाहनतळ, गाड्यांच्या दिव्यांचा मागून येणारा प्रकाश आणि कोसळता पाऊस. पाऊस हे येथे केवळ वातावरण नाही. हात झटक्याने फिरला की त्याच्या टोकावरून सुटलेल्या थेंबांची कमान हवेत उमटते, साचलेल्या पाण्यात पाय आपटला की पाण्याचा पंखा उडतो, आणि मागून येणाऱ्या प्रकाशामुळे ते थेंब चकाकतात. एरवी डोळ्यांना निसटणारा हालचालीचा वेग आणि जोर पाण्यामुळे नजरेत भरतो. कापाकापी येथेही आहे, पण समूहाची रांग एकत्र हलते तेव्हा कॅमेरा मागे सरकून तिला जागा देतो.

तिसऱ्या भागात त्रिमिती तंत्र आले आणि त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. त्रिमितीत झटपट काप केले तर डोळे शिणतात, कारण प्रत्येक कापाला नजरेला खोलीचा नवा अंदाज घ्यावा लागतो. म्हणून अशा चित्रपटांत तुकडे लांब ठेवावे लागतात आणि चौकटीत पुढे-मागे माणसे मांडावी लागतात, आणि नाचाला हेच हवे असते. याच भागात मूस आणि त्याची मैत्रीण कॅमिल न्यूयॉर्कच्या एका रस्त्यावर अस्टेअरच्या गाण्याच्या नव्या आवृत्तीवर नाचत जातात, ते सगळे दृश्य एकाच सलग चित्रणात आहे. दोघे कधी शेजारून चालतात, कधी पळतात, फुटपाथवर हाताला लागेल ती वस्तू आणि वाटेत येईल तो माणूस नाचात ओढतात, आणि कॅमेरा त्यांच्यापुढे मागे मागे सरकत राहतो. शेवटच्या दहा सेकंदांत एखादा पाय चुकला, तर सगळ्यांना पुन्हा रस्त्याच्या त्या टोकाला जाऊन पहिल्यापासून सुरुवात करायची, असा हा मामला. दिव्यांचे पोशाख घालून केलेल्या अंतिम फेरीपेक्षा मला हे दृश्य कितीतरी सरस वाटते. अस्टेअरचा आवाज वापरला, तर त्याची शिस्तही पाळली पाहिजे, एवढे भान दिग्दर्शकाने ठेवले आहे.

आता आपल्या मोबाइलविषयी. बहुतेक हौशी चित्रीकरण छातीच्या उंचीवरून, जवळ उभे राहून होते आणि त्यात पाय कापले जातात. पाय आणि त्यांच्याखालची जमीन दिसलीच पाहिजे, कारण जमीन दिसल्याशिवाय वजन कळत नाही. मोबाइल कमरेच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर आणावा, चार पावले मागे जावे, डोक्यावर थोडी आणि पायांखाली थोडी जागा सोडावी. उजेड समोरून न घेता बाजूने किंवा मागून घ्यावा, म्हणजे शरीराची कड उठून दिसते आणि पॉपिंगसारख्या नाचात स्नायूंची हालचालही कळते. जोडकाम करताना प्रत्येक ठोक्यावर काप टाकण्याचा मोह टाळावा. हालचाल सुरू झाल्यावर काप टाकून ती पुढच्या तुकड्यात पुरी होऊ द्यावी, आणि गोठण्याच्या क्षणावर मात्र हात मुळीच लावू नये.

प्रश्न : चौथ्या भागात नाचणारी मुले गरीब वस्ती पाडून हॉटेल बांधणाऱ्या बिल्डरविरुद्ध उभी राहतात. विषय आपल्याकडच्या कोणत्याही शहरात शोभेल असा असूनही चित्रपट पोकळ का वाटतो? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कारण चित्रपटाला स्वतःच्या विषयाची भीती वाटते. मायामीतला हा गट सुरुवातीला इंटरनेटवर सर्वाधिक प्रेक्षक मिळवून बक्षीस जिंकण्यासाठी अचानक रस्त्यावर, कलादालनात नाचतो, आणि पुढे वस्तीवर संकट आल्यावर तीच युक्ती निषेधासाठी वापरतो. सुरुवातीचे ओशन ड्राइव्हवरचे दृश्य, ज्यात उसळणाऱ्या गाड्यांच्या टपांवर नाच होतो, मालिकेतल्या उत्तम दृश्यांपैकी आहे. पण शेवटी एका नाचाने बिल्डरचे मन पालटते आणि पाठोपाठ एका बड्या बूट कंपनीच्या जाहिरातीचा प्रस्ताव गटासमोर येतो, आणि चित्रपट त्याला विजय समजतो. बंडखोरीचा मोबदला म्हणून जाहिरात मिळावी यात दिग्दर्शकाला काहीच खटकलेले दिसत नाही.

चित्रपट येण्याच्या काही महिने आधी, २७ नोव्हेंबर २०११ रोजी, मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सुमारे दोनशे लोकांनी 'रंग दे बसंती'च्या गाण्यावर असाच अचानक नाच केला होता. त्याच स्थानकावर तीन वर्षांपूर्वी झालेल्या हल्ल्याच्या स्मृतिदिनाचा तो दुसरा दिवस होता. जमलेले प्रवासी आधी बिचकले आणि मग पाहू लागले. ते चित्रण आजही पाहण्यासारखे आहे, आणि त्यात कोणाचेही मन पालटवण्याचा आव नाही.

प्रश्न : 'एबीसीडी' ही आपली हिंदी मालिका म्हणजे 'स्टेप अप'ची नक्कल, असे सर्रास म्हटले जाते. त्यातल्या दुसऱ्या भागाची कथा आमच्या भागातल्या मुलांची आहे, म्हणून हे ऐकून वाईट वाटते. आपले मत काय? (एक वाचक, वसई)

उत्तर : सांगाडा उसना आहे, हे मान्य करावे लागेल. गट जमतो, फुटतो, पुन्हा जमतो आणि अंतिम स्पर्धेत उतरतो, ही चौकट आणि त्रिमितीचा झगमगाट दिग्दर्शक रेमो डिसूझा यांनी तिकडूनच उचलला. कलाकार निवडण्याची रीतही तीच आहे. 'स्टेप अप'ने टीव्हीवरील 'सो यू थिंक यू कॅन डान्स'मधून कॅथरिन मॅकॉर्मिक, स्टीफन 'ट्विच' बॉस असे नर्तक घेतले. रेमो यांनी 'डान्स इंडिया डान्स'मधून सलमान युसुफ खान, धर्मेश येलांडे, पुनीत पाठक यांना घेतले आणि लॉरेन गॉटलीब तर त्याच अमेरिकी कार्यक्रमातून आणली.

पण २०१३ च्या पहिल्या 'एबीसीडी'त एक गोष्ट अस्सल आपली आहे. मोठी नृत्यकंपनी या मुलांचा बसवलेला नाच चोरून स्पर्धेत आधीच सादर करते, आणि ऐन वेळी हाती काही उरलेले नसताना मुले गणपतीसमोर नाचतात तसा नाच घेऊन मंचावर येतात. कथेतील नक्कलप्रकरणावर कथेनेच दिलेले हे उत्तर आहे. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत नाचलेल्या कोणालाही त्या नाचाचे पायाचे वजन ओळखीचे वाटेल. प्रभुदेवा नाचतो तेव्हा तर कथेची, चौकटीची, कशाचीच आठवण राहत नाही.

२०१५ च्या दुसऱ्या भागाला आधार आहे तो आपल्या वसई-नालासोपारा परिसरातल्या 'फिक्टिशस' या गटाचा, ज्याचे नेतृत्व सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरो यांच्याकडे होते. टीव्हीवरील एका कार्यक्रमात या मुलांवर परदेशी गटाचा नाच उचलल्याचा ठपका आला, नाचक्की झाली, आणि त्यानंतर त्यांनी लास वेगासच्या जागतिक हिप हॉप स्पर्धेपर्यंत मजल मारली. नकलेच्या आरोपातून सावरलेल्या मुलांवर चित्रपट निघावा आणि त्या चित्रपटालाच लोकांनी नक्कल म्हणावे, हा योग मजेशीर खरा. माझी तक्रार वेगळी आहे. वसईहून लोकलने सरावाला येणारी मुले कोठे, किती वाजता, कोणाच्या जागेत सराव करतात, नोकऱ्या कशा सांभाळतात, हे या कथेचे हाडमांस होते, आणि चित्रपटाने ते देशभक्तीच्या गाण्यांखाली दडपून टाकले. तिसरा 'स्ट्रीट डान्सर ३डी' २०२० मध्ये लंडनला गेला. निर्मितीसंस्था बदलल्यामुळे त्याला जुने नावही लाभले नाही. परक्या देशात अडकलेल्या बेघर स्थलांतरितांचा त्याचा विषय चांगला होता, पण तो पडद्यावर येईपर्यंत गाण्यांनी बरीच जागा अडवलेली असते.

प्रत्यक्षातली मुले मात्र चित्रपटाच्या पुढे निघून गेली. सुरेश मुकुंद यांच्या 'द किंग्ज' या गटाने २०१९ मध्ये अमेरिकेतील 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही स्पर्धा जिंकली. अंतिम फेरीत त्यांना १०० पैकी १०० गुण मिळाले आणि १० लाख डॉलरचे बक्षीस मिळाले. ते अंतिम नृत्य इंटरनेटवर उपलब्ध आहे. नक्कल झाली की नाही या वादात शिरण्यापूर्वी ते एकदा पाहावे, असे मी सुचवेन.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा हे चित्रपट पाहून घरातल्या फरशीवर डोक्यावर फिरण्याचा प्रयत्न करतो. त्याला थांबवावे की क्लासला घालावे? आणि हे चित्रपट त्याने पाहावेत का? (एक पालक, ठाणे)

उत्तर : क्लासला घालावे, आणि तोपर्यंत डोक्यावर फिरणे बंद ठेवावे. चांगला शिक्षक पहिले काही महिने उभ्याचे पदन्यास, जमिनीवरील सहा पावलांचा मूलभूत फेरा आणि मनगटे-खांदे बळकट करण्याचे व्यायाम यांतच घालवतो. पहिल्याच आठवड्यात कोलांट्या शिकवणारा क्लास टाळावा. डोक्यावरच्या फिरण्यात सगळा भार मानेच्या मणक्यांवर येतो, आणि अकराव्या वर्षी मानेचे स्नायू त्यासाठी तयार नसतात. वर्षानुवर्षे हा प्रकार करणाऱ्या नर्तकांच्या टाळूवर केस जाऊन टेंगूळ येते, अशी नोंद डॉक्टरांनी केलेली आहे. घरातली गुळगुळीत, ओली होणारी फरशी आणि गच्चीवरचे खडबडीत काँक्रीट या दोन्ही जागा वाईट. लाकडी तळ किंवा जाड विनाइलची पट्टी चांगली. गुडघ्यांना आणि कोपरांना गाद्या हव्यात. 'पावसातला नाच' करून दाखवायचा हट्ट त्याने धरला तर तो ठामपणे नाकारावा. चित्रपटात तो नाच प्रशिक्षित नर्तक नियंत्रित जागेत, पुन्हा पुन्हा तालीम करून करतात.

उड्या आणि मनोरे यांचे प्रकार तर प्रशिक्षकाच्या देखरेखीशिवाय कधीच नकोत. २०२० मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स' जिंकणाऱ्या मुंबईच्या 'व्ही. अनबीटेबल' या गटाच्या नावातले 'व्ही' हे सरावातील अपघातानंतर गमावलेल्या एका साथीदाराच्या नावाचे आद्याक्षर आहे, हे मुलालाही सांगावे.

चित्रपटांपैकी पहिला भाग एवढ्यात दाखवू नये, कारण त्यात नायकाच्या मित्राच्या लहान भावाचा गोळीबारात मृत्यू होतो आणि ते दृश्य अकरा वर्षांच्या मुलाला हलवून टाकेल. तिसरा भाग शेजारी बसून पाहायला हरकत नाही.